बत्तीसमधली सात

बत्तीस कामं आहेत.
जमिनीवर मांडली तर दारापर्यंत जातात.
आई परात घेऊन मधून वाट काढते,
म्हणते, पाय कुठे ठेवू?
कन्नमवार नगरात नवी इमारत झाली, लिफ्ट आली,
हा प्रश्न मात्र जुन्या खोलीतून सोबत आला.

घाडीगावकर काका सहा मजले चढून येतात,
गुडघ्यावर हात ठेवून आधी श्वास गोळा करतात.
हयात गेली ब्रोमाइड कापण्यात,
अंगठ्यावर ब्लेडची रेघ अजून पांढरी.
सात ठेव, म्हणतात.
सातच?
समोरच्याचा चहा निवायच्या आत ठरतं, पोरी.

नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उचलतात.
बावीस चेहरे, आणि कुणाचा किती मोठा
यावर रात्री दीडपर्यंत फोन.
हे डिझाइन नाही, काका म्हणतात,
ही पंगत आहे.
फ्लेक्स दाराकडे जातो.

मग कॉलेजातली कॉफी.
कधीच न उघडलेल्या दुकानाचा लोगो
कपावर, पिशवीवर, टी-शर्टवर, छत्रीवरसुद्धा.
वर्गात पहिला नंबर होता.
माझा हात तिथे जरा रेंगाळतो,
काका खिडकीबाहेर बघतात, मुद्दाम.
जाते तीही.

मावसबहिणीची पत्रिका.
छापून आली आणि लग्न मोडलं.
तीनशे प्रती माळ्यावर आहेत.
ठेवू?
कागद चांगला आहे, म्हणतात,
आणि मग बराच वेळ दोघंही काही बोलत नाही.

भाजीवाली वर चांगले टोमॅटो लावते.
तू खालीही तेच लाव.

ठेच्याच्या बरणीचं लेबल आहे,
घाटकोपरच्या बचत गटाचं.
फॉन्टला ‘ऱ्ह’ येत नव्हता.
पहिल्या प्रूफात र कुठेतरी वर उडून बसला होता,
आणि इंगळेबाई बरणी डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या,
हे आमचं वऱ्हाड नाही.
तेव्हा तो मी बोरूने काढला, चाळीस वेळा,
चाळिसातला सव्विसावा घेतला.
काका म्हणतात, चाळीसही दाखव.
चुकलेलं प्रूफही.
स्वच्छ हात कुणीही दाखवतं.

आणि हे काय?
काही नाही काका, सोसायटीची नोटीस.
लिफ्ट बंद आहे.
पहिली लाल. लोक बटण दाबायचे, मग वाचायचे.
दुसरी मोठी. दाबायचे, वाचायचे, परत दाबायचे.
तिसरीत सेक्रेटरींनी ‘कृपया’ घातलं,
आणि ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’, आणि स्वतःची सही.
चौथी आगपेटीएवढी,
बटणावरच चिकटवलेली.
एकच शब्द: जिना.

काका ती चिठ्ठी तळहातावर घेतात,
औषधाची गोळी घ्यावी तशी.
ही पहिल्या पानावर, म्हणतात.

रात्री मुखपृष्ठ करायला बसते.
मृण्मयी टाइप करते, पीडीएफ होते,
आणि ‘ण्म’ फुटतो.
ण एकटा, पायाला काठी लावून उभा,
म शेजारी परका.
इतक्या दुकानांची, इतक्या साहेबांची नावं सरळ केली मी.
अडीच वाजता माझंही हाताने काढते.
य जरा तिरका राहतो.
राहू दे.

माहीमच्या स्टुडिओत
किणीबाई चष्मा कपाळावर ठेवून पानं उलटतात.
चहावर साय धरते.
पहिल्या पानावरून पुढे गेलेल्या बाई
शेवटच्या पानावरून पहिल्यावर परत येतात.

मग? लिफ्ट सुरू झाली का?

झाली, मी म्हणते.
पण कागद काढायला मी विसरले.
आठ दिवस अख्खी इमारत जिन्यानेच जात होती.
लिफ्ट रिकामी, दिवा लावून, तळमजल्यावर उभी.
आणि कुणीच,
आमचे गुडघेदुखीवाले काकासुद्धा,
बटण दाबून बघितलं नाही.

किणीबाई हसत नाहीत.
कप बाजूला सारतात
आणि आत हाक मारून म्हणतात,
दोन चहा. गरम.