उलटं घड्याळ

एस्तरबाई उजगऱ्यांचं घड्याळ
छातीवर उलटं लटकतं.
समोरच्याला त्यातलं काही लागत नाही.
जिच्या खांद्याखाली पिन टोचलेली आहे
तिनं मान खाली घातली, तरच काटे सुलट.
निवृत्त होताना त्यांनी ते मला दिलं,
बिस्किटांच्या डब्यात, टोपीसकट.
टोपीला अजून पेजेची खळ होती,
बोटानं वाजवली तर पापडासारखी.

एक्याऐंशी साली नगरकडून आल्या.
ठाण्यात खोली मिळेना.
रात्रभर बाहेर असते, परपुरुषांची अंगं पुसते,
ही कसली नोकरी, म्हणाली घरमालकीण.
मग तिच्याच सुनेचं पोर आडवं आलं.
पुढचं एस्तरबाई सांगत नसत.
“भाडं कधी वाढलं नाही,” एवढंच.

आणि तुमच्या आधी?
सुईणी, म्हणायच्या.
नाळ कापायच्या
आणि बारशाला उंबऱ्याबाहेर बसायच्या.
मग केस उतरवलेल्या आल्या, नवऱ्यानं टाकलेल्या आल्या,
आम्ही तर बाटलेल्या, आधीच बाहेरच्या.
ज्यांना विटाळायचं काही उरलं नव्हतं
त्यांच्या हातात गावानं
आपली पूभरली गळवं दिली.

आज रात्री कळव्याला, खाडीकडच्या वॉर्डात,
खाटा चाळीस, खाली गाद्या अकरा,
आम्ही दोघी.
परिचारिका म्हणजे सभोवती फिरणारी,
असं शाळेत संस्कृतच्या बाईंनी फोडून सांगितलेलं.
फिरते.
तेविसाचं सलाईन, नऊची लघवी मोजायची,
प्रत्येक नोंद दोनदा,
एकदा रजिस्टरात, एकदा हँग झालेल्या कॉम्प्युटरात.
डॉक्टर कुठे आहे म्हणून कुणाचा तरी भाऊ
माझ्याच टेबलावर मूठ आपटतो.
लिजी इंजेक्शन भरता भरता पुटपुटते,
देअर, दी, दास.
सकाळी वाशीला तिचा जर्मनचा क्लास.
तिकडे चमच्यालासुद्धा लिंग असतं, म्हणते.
मार्चमध्ये जाईल.
तिच्या जागी कोण, ते अजून
कुठल्याच कागदावर आलेलं नाही.

माझी ऑर्डर अकरा महिन्यांची.
मग एक दिवस खंड, मग पुन्हा अकरा.
त्या एका दिवशी मी कुणीच नसते.
गेल्या खंडाला खारेगाव नाक्यावर भाजी घेत होते,
एक माणूस मेथीच्या ढिगावर कोसळला.
त्याचं मनगट धरलं, सवयीनं मान खाली घातली,
छातीवर घड्याळ नव्हतं.
भाजीवालीला म्हटलं, मोज गं मोठ्यानं, सावकाश, साठपर्यंत.
तिनं मोजलं. रिक्षा आली.
तो दिवस कुठल्याच हजेरीत नाही.

साथीच्या वर्षी आमच्या सोसायटीनं थाळ्या वाजवल्या
आणि लिफ्टवर चिठ्ठी लावली,
हॉस्पिटलवाल्यांनी जिना वापरावा.
सातव्या मजल्यापर्यंत एकशे सव्वीस पायऱ्या.
फोनवर सांगितलं तर एस्तरबाई खोकेपर्यंत हसल्या:
“म्हणजे घरमालकीण अजून जिवंत आहे तर!”

तीन वाजता चौदा नंबरचे मुकादमचाचा जागे.
कौशाचे. मुलगा सकाळी साडेनऊला येतो म्हणून गेलाय,
दोन सकाळी झाल्या.
मी उशी सारखी करायला वाकते,
ते माझ्या छातीवरचं घड्याळ त्यांच्या बाजूनं वाचतात:
“साडेनऊ झाले की, पोरी.
मग येलच आता.”

काचेपलीकडे खाडी काळी,
पारसिकच्या डोंगरावर एकच दिवा.
मी मान खाली घालते. तीन.
“येईल,” म्हणते,
आणि मनगट धरते.
काटा एक फेरी पूर्ण करतो, त्यांच्यासाठी उलटी.
ब्याण्णव, मधेच एक ठोका गाळून.
पुन्हा मोजते.
लिजी हाक मारते, तेवीस.