कसं लागलं?

हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.
खुर्च्या मांडायच्या, हीटर लावायचा, निघून जायचं,
एवढंच माझं काम.
पण गुनहिल्दबाईंनी दारातच अडवलं:
"नॉर्वेजियनच्या वर्गाचा आज शेवटचा दिवस.
प्रत्येकानं आपल्याकडचा खाऊ आणलाय.
ऊडवार, तू बस."
बसलो.
बाहेर त्रोन्हाइमवर दुपारी तीनलाच अंधार.

एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती.
दोन हिवाळ्यांमागे मला ताप आला, उतरला,
आणि जाताना चव घेऊन गेला. वासही.
डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित.
तेव्हापासून कॉफी म्हणजे गरम,
बटाटा म्हणजे मऊ,
आणि रविवार म्हणजे नुसता रविवार.

नानुलीनं पिशवीतून दोऱ्याला टांगलेलं काहीतरी काढलं,
तपकिरी, लांबट, मेणासारखं.
झ्बिशेकनं तत्परतेनं लायटर पेटवला.
"अरे, मेणबत्ती नाही ती! द्राक्षाचा रस! आत अक्रोड!"
लायटर तसाच जळत राहिला, त्याचे कान त्याहून लाल.
मी चावलं. आधी चिवट, मग कुरकुरीत,
मग दोरा दाताला लागला.
"कसं लागलं?"
"छान," म्हणालो.

हेकमतची डबी: साखरेत घोळवलेले बदाम,
खडबडीत, पांढरे,
ओहोटीनंतर काठावर सापडतात तसे खडे.
"लग्नात," तो म्हणाला,
आणि पुढचा शब्द शोधत राहिला.
सापडला तो एवढाच: "बहीण."
वाक्य पूर्ण करा, असं त्या दिवशी
गुनहिल्दबाईसुद्धा म्हणाल्या नाहीत.

मारिविकचे केळ्याचे काप वाजले
गोठलेल्या डबक्यावर पाय पडावा तसे.
तेस्फालेमनं भाजलेलं जव
खिशातून थेट माझ्या मुठीत ओतलं, अजून कोमट.
कसं लागलं? छान.
कसं लागलं? छान.
घासून घासून गुळगुळीत झालेलं उत्तर.

मग म्हणाले, तुझं काय?
मी शेडमधून वाळवलेला कॉड आणला,
उंबऱ्यावर ठेवला, हातोडीनं ठेचला.
हे मात्र मला येतं.
मारिविकनं एक तूस उचलला, डोळे मिटले,
आणि उरलेला मासा न विचारता
रुमालात बांधून घेतला.

शेवटी इत्सेल. वर्गातली सगळ्यात लहान.
चिंचेची गोळी, वर लाल भुकटी.
"जपून," ती म्हणाली. उच्चार अगदी बिनचूक.
मला कसली भीती? अख्खी तोंडात टाकली.
काही नाही.
काही नाही.
मग जीभ पेटली.
कान, टाळू, नाक, डोळ्यांमागे कुठेतरी,
आणि असा ठसका लागला
की किल्ल्यांचा जुडगा खुर्चीखाली जाऊन पडला.
दूध आणा! पाव द्या! झ्बिशेक पाठीत धपाटे घालतोय,
इत्सेल रडवेली, पाच भाषांत माफी.
तिखट ही चव नव्हे, ती आग,
तिला यायला वेगळं दार आहे,
हे डॉक्टरांनी मला पुढच्या आठवड्यात सांगितलं.
तेव्हा मी फक्त डोळे पुसत हसत होतो
आणि म्हणत होतो, "लागलं. लागलं."

मग सांगूनच टाकलं.
लहान वाक्यांत, सगळ्यांना कळेल असं:
चव नाही. दोन वर्षं.
तेस्फालेमनं वहीत 'चव' लिहून घेतलं.

बशी पुन्हा फिरली. या वेळी कुणी विचारलं नाही,
सांगत गेले.
नानुली: "आंबट. थोडं. भांडण मिटल्यावर जसं."
झ्बिशेक, आपल्या टॉफीबद्दल: "गोड. फार. दंतवैद्य!"
हेकमत काहीच बोलला नाही,
आणखी एक बदाम हातावर ठेवला.

आठ वाजता कुलूप लावलं.
पुलावर आलो तरी ओठ चुरचुरत होते.
मफलर खाली ओढला.
थंडी लागली.
बरी लागली.