पेटी क्रमांक सत्तेचाळीस

घणसोलीच्या खाडीलगत, पत्र्याच्या शेडमध्ये
मी दगडांची हजेरी घेते.
पेटीत पाच खाचा. खाचेत मनगटाएवढ्या
गोल काळ्या कांड्या,
बोगद्यासाठी जमिनीच्या पोटातून उपसलेल्या.
कडेला खडूने खोली, तारीख,
तक्त्यावर माझी बारीक सही.

सत्तावीस मीटर. बेसाल्ट. अभंग.
अठ्ठावीस मीटर. बेसाल्ट. केसाएवढ्या भेगा.
एकोणतिसाव्याला पेन थबकतं :
वीतभर तांबडं.

इरण्णा इटकर सांगतो,
मॅडम, इथं मशीन लोण्यात शिरल्यागत गेलं,
पाणी लाल आलं. पोरगा घाबरला,
म्हणाला, कुणाला लागलं का काय खाली.

लागलंच होतं म्हण, इरण्णा.
सहा-साडेसहा कोटी वर्षं झाली.
तेव्हा हा सगळा देश एक बेट होता,
ना शेजार, ना हिमालय,
खाऱ्या पाण्यातून एकटाच उत्तरेला सरकणारा.
डोंगराच्या तोंडातून वगैरे नाही आली ती आग.
जमीनच उसवली,
जुन्या गोधडीसारखी, टाका टाका,
आणि उसवल्या शिवणीतून रस वाहत राहिला
दऱ्या भरेपर्यंत,
दऱ्या होत्या हे विसरेपर्यंत.

मग थांबला.
किती काळ, ते ही वीत सांगते.
काळ्या दगडावर पाऊस पडून पडून माती झाली,
मातीत मूळ शिरलं
(हा बघ, कांडीवर पांढरा दोरा, त्याचीच वाट असेल),
एखादं गोगलगाईएवढं कोणी
इथून तिथवर सावकाश गेलं असेल.
हजारो वर्षं काही झालं नाही.
काही न होण्याचा हा रंग.

आणि मग पुन्हा रस आला.
वरची माती भाजली गेली, विटेसारखी,
त्याच्यावर अठ्ठावीस, सत्तावीस, सव्वीस मीटर,
त्याच्यावर खाडीचा गाळ, भराव, सेक्टर, माझा सातवा मजला.

तक्त्यात एक रकाना असतो : शेरा.
तिथे मला लिहावं लागतं :
मऊ थर. पाणी लागताच सुटतो. बोगद्यास धोका.
जिथे आग होती तिथे दगड पक्का,
जिथे कुणी निवांत जगलं
तिथे आधार द्यावा लागणार, लोखंडाचा.
मी लिहिते. पगार त्याचाच आहे.

दुपारी पोशीबाय मढवी येते,
टोपलीत निवट्या, पायांना पोटरीपर्यंत चिखल.
शेडच्या सावलीत टेकते, पेटीत डोकावते.
काय गो, दगरान काय बगतंस येवरां?
मी तांबडं दाखवते.
ओल्या फडक्यात, वर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं,
वारा लागला तर भुगा होतो म्हणून.
ती बोट लावते, बोट नाकाशी नेते.
आमची आय असलेच मातीन चूल सारवाची.
डोंगराला खाण लागली, मंग माती गेली.
दे की मना चिमटीभर.

नमुना द्यायचा नसतो.
कंपनीचा शिक्का, प्रयोगशाळेचा क्रमांक,
एकेक इंच मोजलेला.
इरण्णा मुद्दाम पलीकडे बघत बिडी शोधतो.

सहा कोटी वर्षांपूर्वी भाजलेली माती
मी नखाने खरवडते.
ती पदराच्या टोकाला गाठ मारते,
त्याच गाठीत सकाळच्या निवट्यांचे चाळीस रुपये.
गॅस हाय आता, हसते,
पन एक चूल ठेवलंय मागल्या दारी.
मग टोपली डोक्यावर, भरती यायच्या आत.

मी तक्ता पुढे ओढते.
एकोणतीस मीटर. प्राप्ती शंभर टक्के, असं लिहिलेलं होतं.
खोडून अठ्ठ्याण्णव करते.
कारण : नमुना हाताळताना झालेली घट.

नखात लाल राहिलंय.
तीस मीटर. बेसाल्ट.