हिशोब जुळत नाही तेव्हा

वसमतचा मोंढा. पहाटेचे चार वाजून दहा.
हळदीच्या गाड्या पार नांदेड रस्त्यापर्यंत लागलेल्या
आणि काटा पावती देईना.
फोनवर लिंबाजी हमाल:
म्याडम, वजन दिसायलंय, कागद येईना गेलाय.

स्कूटी काढते, ओढणी नाकावर बांधते.
हंगामात इथली हवाच पिवळी.
गेल्या साली सर्व्हरचा पंखा उघडला
तर एका भाजीला पुरेल एवढी हळद निघाली.

खोलीत झंवर शेठ माझ्याआधी हजर.
"बंद करून चालू करा ना, त्यात काय बघायचं?"
सगळ्या मोंढ्याला तेवढा एकच मंत्र पाठ.
खदीर सर म्हणायचे,
आधी रीबूट म्हणजे साक्षीदाराला घरी पाठवून
मग पंचनामा करायला बसणं.
मी शेठसाठी चहा सांगते.

डीएफ मारते: डिस्क शंभर टक्के भरलेली.
डीयू मारते: एक्केचाळीस.
रान एकच,
सातबारा एक बोलतो, मोजणीची साखळी दुसरं.
अशा वेळी दोघांनाही खोटं म्हणू नये.
दोघं वेगवेगळं मोजत असतात, एवढंच.

आयनोड बघते. मोकळे.
माउंटखाली एखादं जुनं फोल्डर झाकलंय का, बघते.
नाही.
बाहेर हॉर्नवर हॉर्न.
रूट होऊन बसलं की एक स्पेससुद्धा जपून,
चुकीच्या जागी पडली तर
आख्खं गाव उठून जातं.

आणि मग आठवतं.
काल संध्याकाळी मीच.
काट्याच्या प्रोग्रामची लॉग फाईल, एकसष्ट जीबी नुसती बडबड.
आरएम. एंटर.
जागा झाली असं धरून घरी गेले,
भाकरी खाल्ली, झोपले.
डीएफ परत मारून बघितला नाही.
बघितला नाही, दैवशाला.

एलएसओएफला विचारते:
नाव गेलेल्या, पण उघड्या राहिलेल्या फायली दाखव.
एकच ओळ येते.
प्रोसेस अकराशे सत्त्याऐंशी, हँडल चार,
आणि शेवटी एक शब्द: डिलीटेड.

म्हणजे यादीतून नाव गेलं होतं फक्त.
प्रोग्रामनं हात सोडलाच नव्हता.
कुणालाच न दिसणाऱ्या त्या वहीत
तो इमानदारीनं लिहीत बसला रात्रभर,
डिस्कचं शेवटचं पान संपेपर्यंत.

आता त्याला मारलं तर सुटेल सगळं,
पण तीन गाड्यांची वजनं त्याच्या डोक्यात आहेत,
कागदावर अजून उतरलेली नाहीत.
म्हणून प्रॉकमध्ये शिरते,
अकराशे सत्त्याऐंशीच्या घरात, एफडीच्या खोलीत,
चार नंबरच्या दाराशी उभी राहून
आतलं सगळं शून्य करते.
पोतं फेकायचं नाही. झटकायचं.

डीएफ: बेचाळीस.
प्रिंटर खाकरतो.
एक पावती. दुसरी. तिसरी.
बाहेर लिंबाजी ओरडतो, "आला गं बाई कागद!"
आणि झंवर शेठ म्हणतात,
"बघा, मी म्हणलं होतं, बंद करून चालू करा."
मी काही बोलत नाही.
चहा त्यांनीच प्यालाय दोन्ही कप.

उजाडल्यावर लॉग फिरवायची फाईल उघडते.
दिवाळीत ती मी स्वच्छ केली होती,
फालतू वाटलेल्या ओळी काढून.
शेजारी जुनी प्रत अजून पडलेली,
तिच्यात हॅशमागे खदीर सरांचं मराठी:

ही खालची ओळ फाईल पुसत नाही, रिकामी करते.
काढू नये.
काढलीच तर पहाटे चारला उठायची तयारी ठेवावी. ख.

सर आता औंढ्याला असतात, नातवंडात.
फोन करावा वाटतो, करत नाही.
ओळ होती तिथं परत ठेवते
आणि तिच्या खाली, हॅश मारून:

काढून पाहिली. बरोबर आहे. दै.