चेपणी

आई म्हणाली, क्रेडिट? म्हणजे उधारीच ना?
शाबलोच्या पोसऱ्यावर पाटी आहे,
क्रेडिट मागून लाजवू नका.
आणि तू सरळ कॉलेजातून घेऊन येणार.
फेडायचं कोणी?

मी म्हटलं, उलटं असतं ते.
काम आत्ता करायचं, अकरावीत,
ते तिकडे माझ्या नावावर जमा होतं.
बारावीनंतर डिप्लोमाला गेले
की तेवढं शिकणं माफ.

आई म्हणाली, आगाऊ काम करून घेणारे
पुष्कळ पाहिलेत आम्ही.
आणि शनिवारी पहाटे साडेपाचला
तिनेच मला हलवून उठवलं.

साखळी ते दिचोली, मिनीबस,
मांडीवर डबा, डब्यात अळसांदे,
पिशवीत भावाच्या मापाची खाकी पँट.
पॉलिटेक्निकच्या हजेरीपटात
मी सगळ्यांच्या शेवटी, पेन्सिलीने.
डिप्लोमाची मुलं मला नावाने हाक मारत नसत.
ए शाळा, कॉटन वेस्ट दे.
ए शाळा, व्हाइस घट्ट कर.
मी देत होते. करत होते.

फुर्ताद सरांनी लोखंडाची एक पट्टी दिली.
म्हणाले, हिचा कोपरा काटकोन कर.
एवढंच?
एवढंच, बाय.

तीन शनिवार कानस चालवली.
सोमवारी मराठीच्या तासाला
बोटं वळत नव्हती, वेलांट्या वाकड्या आल्या,
बाईंनी विचारलं, झोपेत लिहितेस का?

गुण्या लावून सर पट्टी खिडकीकडे धरत.
गुण्या आणि लोखंडाच्या मधून
उजेड दिसला तर चूक.
मी उजेडाला इतकी कधी घाबरले नव्हते.
आतापर्यंत सगळी पुस्तकं
उजेडाच्याच बाजूने बोलत होती.

आईच्या बोटांना काजूचा चीक,
माझ्या नखांत ऑइल.
रात्री एकाच साबणावर दोघी.
ती विचारायची, आज किती झालं?
तिच्या कारखान्यात किलोवर मोजतात,
तुकडा पडला की भाव पडतो.
मी सांगायची, अजून उजेड दिसतो.
ती मान हलवायची,
कळलं की नाही, मला कळलं नाही.

एप्रिलात परीक्षा. माझ्या पट्टीत
दोन ठिकाणी उजेड होता,
केसाएवढा. एक केस जाड होता.
सरांनी चष्मा वर केला, खाली केला,
मग हजेरीपट ओढला
आणि माझ्या पेन्सिलीच्या नावावरून
सावकाश पेन फिरवलं.
'एलेखा'मधला ए त्यांनी जरा मोठाच काढला.

मोबाइलवर आलं: क्रेडिट, चार.
आईने आकडा लांब धरून पाहिला.
किती दिवस टिकतं हे?
सात वर्षं, मी म्हटलं.

ती तेव्हा चेपणीची तोरं भरत होती.
कोवळी, देठासकट,
एक थर तोरांचा, एक थर मिठाचा.
सात वर्षं? ती म्हणाली.
मीठ बरोबर पडलं तर टिकेल.
पण वर वजन हवं.
वजन नसलं की तोर वर तरंगतं
आणि जे वर तरंगतं ते कुजतं.

मग माझ्या हातातली पट्टी तिने घेतली,
धुतली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली,
काठाला गाठ मारली,
आणि बरणीतल्या बशीवर ठेवली,
चेपणीच्या गुंड्याच्या जागी.

सकाळी बशी तिरकी, तोरं वर आलेली.
आई, ती पावणेदोनशे ग्रॅमचीसुद्धा नाही गे,
मी म्हटलं, त्याने काय होणार?

तिने गुंडा परत ठेवला.
पट्टी पुसून कोरडी केली,
गुण्या लावतात तशी खिडकीत धरली,
डावा डोळा मिटून
बराच वेळ बघत राहिली.

मग म्हणाली,
हलकी आहे.
आणखी आण.