परत यायचंच असेल तर

कंपनीकडून फॉर्म आलाय, चौदा प्रश्नांचा.
'आम्ही पुन्हा येण्याचा विचार करत आहोत.
जुने सहकारी म्हणून आपलं मत मोलाचं.'
प्रश्न पहिला : ग्राहकाला आमच्याकडून काय हवं?
खाली चार चौकोन.

मी खूण केली नाही.
स्कूटर काढून होटगी रोडला गेलो.
तुमचं शोरूम होतं तिथं आता टाइल्सचं दुकान आहे.
काचा त्याच. नाव खरवडलंय,
पण ऊन तिरपं पडलं की
त्यातली दोन अक्षरं अजून दिसतात.

याच काचेमागं मी सहा वर्षं उभा होतो, टाय लावून.
सोलापूरच्या एप्रिलमध्ये, टाय लावून.
अंबादास गुर्रमना गाडी मीच विकली.
अक्कलकोट रोडला टॉवेलचे आठ लूम त्यांचे.
मायलेज विचारलं नाही, रंग विचारला नाही,
दार उघडलं, लावलं, परत उघडलं, परत लावलं.
धप्प.
"आवाज भरीव आहे," म्हणाले.
मग, "तुम्ही राहणार ना पण?"
मी म्हणालो, अमेरिकेची कंपनी आहे शेठ,
कुठं जातीय?

हे वाक्य तुमच्या ट्रेनिंगच्या पुस्तकातलं. पान नऊ.

तुम्ही गेलात ते मला पेपरातून कळलं,
गुर्रमना माझ्याकडून.
फोनमध्ये त्यांच्या मागं लूम चालू होते.
बराच वेळ आम्ही दोघं ती खडखडच ऐकत राहिलो.

गाडी अजून पळते.
विजापूर वेशीत मौला नदाफचं गॅरेज आहे,
मागच्या बोळात तुमच्या तीन मेलेल्या गाड्या.
एकीचा गुडघा काढून तो दुसरीला उभी करतो.
सेन्सर पुण्याहून सतरा दिवसांनी येतो,
तोवर कुठली तरी वायर कुठं तरी जोडतो
आणि सांगतो, "दिवा लागला तर तिकडं बघू नका."
या शहरात तुमचं सर्व्हिस सेंटर म्हणजे तो.
पगार तुम्ही देत नाही.

परवा गुर्रमनी चहा पाजला, वडिलांचं सांगितलं.
नायनांचं चादरीचं दुकान होतं.
गुलबर्ग्याहून एक बाई आली, अकरा वर्षांची चादर घेऊन.
लाल उतरून पांढऱ्यात गेला होता. पावती नाही.
नायनांनी चादर उलटी केली, काठाची वीण बोटानं चाचपली,
"आपलीच आहे," म्हणाले, आणि नवी काढून दिली.
बाई गेल्यावर जुनी मांडीवर घेऊन बसले,
कुठल्या साली रंग कच्चा राहिला ते आठवत.
"त्या बाईच्या तिन्ही मुलींच्या लग्नात
चादरी कुठून गेल्या, विचार की."
मी विचारलं नाही. चहा गार झाला होता.

तुमच्या फॉर्मात याला चौकोन नाही.

म्हणून इथं मागच्या कोऱ्या बाजूला लिहितो.
नवं मॉडेल एवढ्यात आणू नका. पडदा मोठा करू नका,
हिरोईन उभी करू नका सात रस्त्याला.
आधी मौलाला तो सेन्सर पाठवा,
जुन्या गाडीचा, तुम्ही आता बनवतही नाही तो.
फुकट नको. तो घेणार नाही. बिल लावा.
मग कोणीतरी या. मे महिन्यात या.
गुर्रमांच्या घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं येईल,
मुकाट्यानं खा, पाणी नंतर प्या.
हात धुताना ते तोच प्रश्न विचारतील.
पान नऊ उघडू नका.
उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा,
आणि दुसऱ्या दिवशी परत जा.

प्रश्न चौदावा : आपण पुन्हा आमच्यासोबत काम कराल का?

टाय मौलाकडे आहे.
तिसऱ्या गाडीचं बॉनेट
त्यानं त्यानंच बांधून ठेवलंय.