पिवळा की हिरवट

लोकमान्य नगरात, दुसऱ्या मजल्यावर
दोन फुटी समुद्र आहे आमचा:
एक दिवसाआड येणारी नर्मदा,
रात्रभर बादलीत निवलेली,
आणि तोलून घातलेलं मीठ.

नळीत आठ थेंब. हलवली.
पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो,
मग रंगांच्या कार्डाला टेकवली.
पिवळा, म्हणालो. अमोनिया शून्य.
शरयू म्हणाली, खिडकीशी या,
हिरवट आहे.

वहीत खारेपणा ठीक, नायट्राइट ठीक,
कालचा आकडाही ठीक.
नारिंगी मासा मात्र सकाळपासून वरच,
तोंडाची उघडमिट करत,
जणू काही सांगायचंय आणि शब्दच सापडत नाही.

तिनं टाकीवर वाकून वास घेतला.
वही मिटा, म्हणाली, दोन बादल्या बदलू.

समुद्र तिनं एकदाच पाहिलाय, द्वारकेला,
तोही फोटोसाठी पाठमोरा.